साडेचार वर्षांची लेक घडाघडा वाचते, मग भाषेचं पुस्तक कितवीचं घ्यायचं?

तुमची मुलगी साडेचार वर्षांची, वर्षभरापासून आपली आपण वाचते, जोडाक्षरांनाही अडत नाही, पण लिहायला बसवलं की दुसऱ्या ओळीला रडारड. घरीच शिकवायचं ठरलंय, तर भाषा पहिलीपासून सुरू करावी की थेट तिसरीचं पुस्तक आणावं, हा तुमचा प्रश्न. माझी दोन्ही मुलं घरी शिकली आणि थोरला असाच लवकर वाचायला लागला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माझी चूक. तो पाचाचा असताना मी तिसरीचं पुस्तक आणलं. धडे तो एका दमात वाचायचा, पण खाली प्रश्नोत्तरं, रिकाम्या जागा, 'वाक्यात उपयोग करा'. वाचन तिसरीचं, हात मात्र पाच वर्षांचाच! महिन्याभरात पुस्तक दिसलं की स्वारी पलंगाखाली. वाईट म्हणजे तो आपणहून वाचायचा तेही कमी झालं. पुस्तक मिटून ठेवलं, तरी ती गोडी परत यायला दोनेक महिने गेले.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: 'भाषा' हा एकच विषय धरून त्याची एकच इयत्ता शोधू नका. वाचणं, समजणं, सांगणं, हस्ताक्षर, शुद्धलेखन, मनातलं कागदावर उतरवणं, या प्रत्येकाचं वय अशा मुलांत वेगळं असतं. जे जिथे असेल तिथून पुढे न्या.

सगळ्यात जास्त लक्ष समजेकडे द्या. गॉफ आणि टन्मर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषेची समज. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू कितीही मोठी असली तरी दुसरी तोकडी असेल तर उत्तर तोकडंच येतं. घडाघडा वाचणाऱ्या मुलाची पहिली बाजू आपल्याला ऐकू येते, दुसरी शोधावी लागते. देवनागरीत तर हे फसवं आहेच. बाराखडी आणि जोडाक्षरं एकदा बसली की मूल अग्रलेखही वाचून दाखवेल, एका ओळीचा अर्थ न कळता. (बातम्याही वाचतं. आमच्याकडे वर्तमानपत्र पालथं ठेवायची सवय तेव्हाच लागली.)

समजलं का, हे प्रश्न विचारून तपासू नका, गोष्ट सांगू द्या. 'मी नव्हते ना तेव्हा, काय झालं पुढे?' एवढं पुरतं. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या पद्धतीचा हाच कणा: ऐकलेलं किंवा वाचलेलं आपल्या शब्दांत सांगायचं. सहा वर्षांच्या आत त्याची सक्ती मात्र त्यांनाही मान्य नव्हती. मुलगी सांगेल तेव्हा ऐका, नाही सांगितलं तर सोडून द्या. आणि ती स्वतः वाचते म्हणून तुम्ही वाचून दाखवणं बंद करू नका. लांब वाक्यं, अनोळखी शब्द, बोलण्यात न येणारी भाषा अजून काही वर्षं कानावाटेच आत जाणार आहे.

शुद्धलेखनाचं म्हणाल, तर ही मुलं शब्द एका नजरेत ओळखतात, त्यामुळे वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ याकडे बघतच नाहीत. मी नियम शिकवले नाहीत, जोड्या गोळा केल्या. फूल-फुलाला, मूल-मुलाला, बहीण-बहिणीला. चार दिवसांनी थोरलाच म्हणाला, 'शब्दाला शेपूट फुटलं की आतला ऊ लहान होतो.' मग एक दिवस त्याला 'माणूस-माणसाला' सापडला. इथे तर ऊ गायबच! पुढचा आठवडाभर घरात ऊ-चोर शोधणं चाललं होतं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम शब्द हे पाळत नाहीत, दूताचा ऊ लांबच राहतो, पण ते सांगायची इतक्यात घाई नाही.

लिहिण्याचे दोन भाग करा. गोष्ट ती सांगेल, लेखनिक तुम्ही. जशी सांगेल तशीच उतरवा, तुमचं व्याकरण मध्ये आणू नका, मग तिलाच वाचायला द्या. हस्ताक्षर वेगळ्या वेळी: दहा मिनिटांच्या आत, एकच वाक्य, मोठ्या ओळी किंवा फळ्यावर खडूने. सुबक आलेल्या एका अक्षरावर थांबलात तरी चालेल. माझा मुलगा जवळजवळ आठ वर्षांचा होईपर्यंत मलाच लिहायला बसवत होता. व्याकरणाच्या सरावपुस्तिका या वयात नकोतच.

एक मात्र बघून ठेवा. खूप वाचते, पण बोललेलं समजत नाही, हाक मारली तर लक्ष देत नाही, गप्पा पुढे सरकत नाहीत, असं असेल तर बालविकासतज्ज्ञांना भेटा. वाचन वयाच्या बरंच पुढे पण समज मागे, अशा स्थितीला हायपरलेक्सिया म्हणतात; ही संज्ञा १९६७ पासून वापरात आहे. लवकर वाचणारं प्रत्येक मूल त्यात बसतं असं अजिबात नाही, आणि तुमची लेक दिवसभर प्रश्न विचारून भंडावते असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा मला तरी काळजीचं काही दिसत नाही.

तिसरीचं पुस्तक आणायचंच असेल तर गोष्टींसाठी आणा आणि खालच्या प्रश्नांवर कागद चिकटवा. धाकटीच्या वेळी मी तेच केलं.