आधी चेहरा बघ, मग दात

लातूरला दात सरळ करायचा दवाखाना टाकलास, बरं झालं. पण पेशंटला लगेच खुर्चीत आडवं करू नकोस. आधी उभं कर, समोर बघायला लाव आणि 'मम्मा' म्हणवून घे. ओठ आपोआप सैल पडतात. तेव्हा वरचे पुढचे दात दोन ते चार मिलिमीटर दिसले तर ठीक. चेहऱ्याचे तीन समान भाग वगैरे तू शिकलाच आहेस, त्यात फार अडकू नकोस.

खरी गोची बाजूने बघताना होते. नाकाचं टोक आणि हनुवटी जोडणाऱ्या डॉ. रिकेट्सच्या रेषेमागे खालचा ओठ दोनेक मिलिमीटर हवा, असं पुस्तक सांगतं. तो आकडा गोऱ्या चेहऱ्यांवरून आलाय. आपल्याकडचे ओठ मुळातच जरा भरीव असतात.

सुरुवातीला मीही फसलो. एका मुलीची आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, दात पार आत घाला, पाहुणे बघायला यायलेत." मी चार प्रीमोलर, म्हणजे सुळ्यांमागचे दात, काढले आणि दात मागे ओढले. दात सुरेख बसले, पण नाक आधीच मोठं होतं, ते आणखी पुढं आल्यासारखं दिसायला लागलं. ओठही चपटे झाले. वयानं ओठ आणखी पातळ होतात, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

त्यामुळं दात काढायचा निर्णय सेफ, म्हणजे डोक्याचा बाजूनं काढलेला एक्स-रे, बघून एकट्यानं घेऊ नकोस. बाजूचा फोटो पेशंटच्या हातात दे आणि विचार, नेमकं काय खटकतंय? बऱ्याचदा बोट दातांवर जातच नाही, हनुवटीवर जातं.