पहिल्या वसंतात कोंबडीची पिल्लं आणताय? आधी एवढं सांभाळा
तुम्ही लिहिलंय की घरात दोन लहान मुलं आहेत आणि पहिल्याच वसंतात कोंबड्या, वाफे, शेळी सगळं एकदम सुरू करायचंय! तुमचा उत्साह मनापासून आवडला, पण शेळी पुढच्या वर्षी आणा. यंदा पिल्लं आणि तीन-चार वाफे, बस्स.

पिल्लांचं निम्मं काम उबेचं. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली साधारण ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला ३ अंश कमी. तरी थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. एकमेकांवर चढून कर्कश चिवचिवाट करतायत म्हणजे गारठलीत. कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकतायत तर दिवा वर घ्या. सगळीकडे पसरून दाणे टिपतायत, मग जमलं. दिवा साखळीने पक्का टांगा. भुशात पडला तर आग लागते.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- खाली गुळगुळीत कागद अंथरतात. पाय घसरून फाकतात. लाकडाचा जाडसर भुसा घाला.
- पाण्याचं भांडं खोल ठेवतात. उथळ घ्या, त्यात खडे टाका, नाहीतर पिल्लू बुडतं.
- मुलांना पिल्लांचे पापे घेऊ देतात. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाकडूनही साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) येतो. पाच वर्षांच्या आतल्यांनी नुसतं बघायचं. त्याहून मोठ्या मुलांनी खाली बसून, ओंजळीत धरायचं आणि लगेच साबणाने हात धुवायचे.

वाफ्यांची घाई नको; रात्रीचा कडाका सरल्यावरच रोपं बाहेर लावा.

पिंजरा, खुराडं, जाती यांचं पिल्लांना पिसं फुटली की बोलू.