डब्याच्या धंद्यासाठी बिझनेस क्रेडिट कार्ड: ७५० डॉलर रोख घ्यावेत की १ लाख पॉइंट?

तुमचा प्रश्न असा आहे: न्यू जर्सीत डबे आणि फराळाचा धंदा, एच-४ ईएडीवर (एच-१बी व्हिसावाल्याच्या जोडीदाराला मिळणारा कामाचा परवाना) काढलेली एलएलसी (मालकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारी कंपनी) आणि समोर तीन ऑफर. चेस बँकेचं इंक बिझनेस अनलिमिटेड (तीन महिन्यांत ६,००० डॉलर खर्च केले की ७५० डॉलर), चेसचंच इंक बिझनेस प्रिफर्ड (तीन महिन्यांत ८,००० खर्च केले की १ लाख पॉइंट, वार्षिक फी ९५ डॉलर) आणि अमेक्सचं (अमेरिकन एक्सप्रेस) बिझनेस प्लॅटिनम (तीन महिन्यांत २०,००० खर्चावर दीड लाख पॉइंट). यातलं कुठलं घेऊ?

मी इथेच छोट्या धंद्यांचे हिशोब लिहितो, त्यामुळे या विषयावर माझं मत ठाम आहे. तुमच्यासाठी अनलिमिटेड. आणि घाई नसेल तर अर्ज ऑगस्टच्या शेवटी करा. का, ते सांगतो.

प्लॅटिनम आधी बाजूला काढू. तीन महिन्यांत तुमचा कार्डवर टाकता येण्यासारखा खर्च दहा हजारांच्या आत आहे. २०,००० कुठून आणणार? फी ८९५ डॉलर. एअरपोर्टचं लाउंज, हॉटेलच्या सवलती हे सगळं सतत फिरणाऱ्या माणसाच्या उपयोगाचं. वर तुमची सर्वांत मोठी खरेदी कॉस्टकोत होते, आणि अमेरिकेतलं कॉस्टको २०१६ पासून क्रेडिट कार्डांमध्ये फक्त व्हिसा घेतं. तिथे अमेक्स चालतच नाही. विषय संपला.

आता खरी तुलना. तुम्ही दिलेले महिन्याचे आकडे: कॉस्टको १,४००, देशी किराणा ९००, डबे-झाकणं-पिशव्या ३५०, गॅस (गाडीचं पेट्रोल) २५०, इन्स्टाग्राम-फेसबुकच्या जाहिराती २००, फोन-इंटरनेट १३०. किचनचं ७०० भाडं चेकने जातं. ते चेकनेच जाऊ द्या; कार्डवर टाकायचं तर मधली कंपनी साधारण ३ टक्के कापते आणि दीड टक्क्याच्या कॅशबॅकसाठी तीन टक्के देण्यात काही अर्थ नाही. (बोनसचं टार्गेट गाठायला थोडेच कमी पडत असतील तर एखादा महिना भाडं कार्डवर टाकणं परवडतं. एरवी नाही.) म्हणजे कार्डवर येणारा खर्च महिन्याला ३,२३०, वर्षाला ३८,७६० डॉलर.

अनलिमिटेड सगळ्यावर सरसकट दीड टक्का देतं. वर्षाला ५८१ डॉलर. पहिल्या वर्षी बोनस धरून १,३३१. फी शून्य.

प्रिफर्ड जाहिराती, फोन-इंटरनेट, प्रवास आणि शिपिंग यांवर डॉलरमागे ३ पॉइंट देतं, बाकी सगळ्यावर १. जाहिरातीत लिहिलेला तो ‘३ पट’ आकडा मोठा दिसतो, पण तुमच्या खर्चातले फक्त ३३० डॉलर त्यात बसतात. कॉस्टको, किराणा, गॅस, डबे सगळं एका पॉइंटवर. वर्षाचे ४६,६८० पॉइंट होतात. रोख करून घेतले तर पॉइंटला एक सेंट, म्हणजे ४६७ डॉलर. त्यात बोनसचे १,००० मिळवा, फीचे ९५ वजा करा: १,३७२.

पहिल्या वर्षी लाखभर पॉइंटवाल्या कार्डाची आघाडी फक्त ४० डॉलरची. आणि दुसऱ्या वर्षी, बोनस संपल्यावर, प्रिफर्ड देतं ३७२ आणि अनलिमिटेड ५८१. तिथून पुढे दर वर्षी २१० डॉलरचा खड्डा. ऑफर बघताना लोक पाकिटावरचा मोठा आकडा बघतात, आणि दुसऱ्या वर्षाचा हिशोब कोणी मांडतच नाही.

आता प्रिफर्डची बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा अन्याय होईल. त्याचे पॉइंट रोख न करता एअरलाइनकडे वळवता येतात, एकास एक. युनायटेड आणि एअर कॅनडाची पॉइंट योजना एरोप्लॅन दोन्ही चेसच्या यादीत आहेत, दोन्ही कंपन्या स्टार अलायन्समध्ये (एकमेकांच्या पॉइंटांवर तिकिटं देणारा विमान कंपन्यांचा गट) आहेत, आणि एअर इंडिया २०१४ पासून त्याच अलायन्समध्ये आहे. म्हणजे या पॉइंटांवर मुंबईचं तिकीट निघू शकतं. चांगलं तिकीट सापडलं तर पॉइंटचा भाव दीड सेंट किंवा त्याहून जास्त पडतो. दीड सेंट धरला तर प्रिफर्डचं पहिलं वर्ष २,१०० डॉलरच्या वर जातं, आणि मग अनलिमिटेड कुठल्या कुठे मागे पडतं.

पण त्यासाठी तारखांना लवचीकपणा हवा. मुलांच्या शाळेला सुट्टी लागली की जायचं आणि शाळा उघडायच्या आत परत यायचं, असं असेल तर नेमक्या त्याच दिवसांत पॉइंटांवरच्या जागा मिळत नाहीत किंवा दुप्पट पॉइंट मागतात. चार जणांच्या कुटुंबाला एकाच विमानात चार जागा ही तर वेगळीच कसरत. आणि एकदा पॉइंट एअरलाइनकडे वळवले की परत येत नाहीत, म्हणून आधी जागा दिसली पाहिजे, मगच बटण दाबायचं. तुम्ही लिहिलंय की गेल्या तीन वर्षांत एकदाच भारतात जाणं झालं, तेही जूनमध्ये. म्हणून मी रोख म्हणतोय. दर वर्षी आईवडिलांना आणणं-सोडणं असतं, आणि ऐन फेब्रुवारीतसुद्धा निघता आलं असतं, तर माझं उत्तर उलटं असतं.

आता ऑगस्टच्या शेवटाचं कारण. तीन महिने मोजायला सुरुवात खातं मंजूर झालेल्या दिवसापासून होते. कार्ड पोस्टाने आठवड्याने आलं तरी तो आठवडा गेलाच. ऑगस्टअखेर अर्ज केला तर मुदतीत गणपतीचे मोदक येतात, नवरात्र येतं आणि दिवाळीच्या फराळाची सगळी खरेदी येते: तूप, बेसन, काजू, चिवड्याचे पोहे. अधिक महिना येऊन दिवाळी नोव्हेंबरात ढकलली गेली तरी नोव्हेंबरअखेरपर्यंत तुम्ही मुदतीत आहात. ६,००० डॉलर आपसूक होतील, उगाच काही विकत घ्यावं लागणार नाही. प्रिफर्डच्या ८,००० ला तसं नाही. नेहमीच्या तीन महिन्यांत तुमचे ९,६९० होतात. एखादा महिना ऑर्डरी बसल्या, किंवा घेतलेला माल परत केला (परतीचे पैसे टार्गेटमधून वजा होतात), की छातीत धडधड. वार्षिक फी आणि व्याज त्यात धरत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

टार्गेट भरायला गिफ्ट कार्डं विकत घेण्याचा सल्ला तुम्हाला कुठे ना कुठे मिळेलच. चेसचं तिसरं कार्ड आहे, इंक बिझनेस कॅश, ते ऑफिस सामानाच्या दुकानांत ५ टक्के देतं. लोक तिथून दुसऱ्या दुकानांची गिफ्ट कार्डं उचलतात आणि स्वतःवर खूश होतात. तुमच्या वह्या बघणारा माणूस म्हणून सांगतो, करू नका. वर्षअखेरीला ‘ऑफिस सामान ४,००० डॉलर’ अशी ओळ दिसते आणि त्यात बेसन किती, मुलांचे बूट किती, याचा पत्ता नसतो. अमेक्स तर गिफ्ट कार्डांची खरेदी बोनसच्या खर्चात धरत नाही, हे त्यांच्या अटींतच लिहिलेलं असतं.

एक गोष्ट अर्जाआधी तपासा, आणि ती फुकट आहे. बँकेला तुम्ही काय घेतलं ते दिसत नाही. दुकानाची नोंद कुठल्या प्रकारात आहे तेवढंच दिसतं. प्रत्येक दुकानाला चार आकडी कोड असतो. ५४११ म्हणजे किराणा, ५३०० म्हणजे घाऊक क्लब, ५९४३ म्हणजे ऑफिस सामान. कॉस्टकोत घेतलेला तांदूळ हा बँकेच्या लेखी किराणा नाही. माझ्या एका अशीलाने किराण्यावर जास्त देणारं कार्ड घेतलं. तो ज्या घाऊक दुकानातून पीठ-डाळी उचलायचा, त्याची नोंद भलत्याच प्रकारात निघाली आणि वर्षभर एक टक्क्यावर समाधान मानावं लागलं. आत्ता तुमच्याकडे जे कार्ड आहे त्याच्या ॲपमध्ये एकेका खरेदीवर बोट ठेवा, बहुतेक ॲपमध्ये प्रकार लिहिलेला दिसतो. आणि देशी दुकानदार कार्डला वर तीन टक्के लावतो का, तेही बघा. लावत असेल तर ते ९०० डॉलर रोख किंवा चेकने द्या, माझ्या वरच्या हिशोबातून तेवढे काढून टाका आणि पावती मागून घ्या.

मंजुरीबद्दल. चेसचा एक न छापलेला नियम सगळे पाळतात, ५/२४ म्हणतात त्याला: गेल्या २४ महिन्यांत कुठल्याही बँकेची पाच किंवा जास्त वैयक्तिक कार्डं उघडली असतील तर चेस नवीन कार्ड देत नाही. एच-४ वाल्यांचा घोळ इथे होतो. नवऱ्याच्या कार्डांवर तुम्हाला ऑथराइज्ड युजर (दुसऱ्याच्या खात्यावर कार्ड वापरायची परवानगी असलेली व्यक्ती) केलेलं असतं आणि ती कार्डंही तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर दिसतात, म्हणून मोजली जातात. रिपोर्ट फुकट काढता येतो, काढून मोजा. नकार आलाच तर फोन करून ‘ही कार्डं माझी नाहीत, मी फक्त युजर आहे’ असं सांगितलं की पुष्कळदा फेरविचार होतो. चेसची बिझनेस कार्डं मात्र या पाचांत धरत नाहीत.

एलएलसी आहे म्हणजे कार्डाचं देणं एलएलसीच्या डोक्यावर, असा समज असेल तर तो काढून टाका. अर्जावर तुमची वैयक्तिक हमी असते. धंदा बंद पडला तरी बँक तुमच्याच दारात येणार. शिवाय २००९ च्या कार्ड कायद्याने ग्राहकांना जी संरक्षणं दिली, उदाहरणार्थ व्याजदर वाढवण्याआधी ४५ दिवसांची नोटीस, ती बिझनेस कार्डांना कायद्याने लागू नाहीत. म्हणून ऑटोपे पहिल्याच दिवशी पूर्ण रकमेवर लावा, ‘मिनिमम’वर नाही. व्याज २० टक्क्यांच्या आसपास धरलं तर ६,००० थकवल्यावर महिन्याला १०० डॉलर जातात. ७५० चा बोनस आठ महिन्यांच्या आत बँकेला परत.

तुम्ही टॅक्सचंही विचारलंय. खर्चावर मिळालेला कॅशबॅक आणि बोनस हे उत्पन्न धरत नाहीत, ती किमतीतली सूट धरली जाते. त्यामुळे धंद्याचा खर्च दाखवताना तो तेवढा कमी दाखवायचा. पण मैत्रिणीला लिंक पाठवून तिने कार्ड घेतलं आणि तुम्हाला पॉइंट मिळाले, तर ते उत्पन्न, त्याचा १०९९ (उत्पन्न कळवणारा टॅक्सचा फॉर्म) येऊ शकतो. जाता जाता: व्हॉट्सॲप ग्रुपवर जो कोणी ‘हे कार्ड घ्याच’ म्हणून लिंक टाकतो, त्यालाही त्या लिंकचे पॉइंट मिळतात. सल्ला चुकीचा असेलच असं नाही, पण पॉइंट कोणाला मिळणार हे माहीत असलेलं बरं.

दुसऱ्या वर्षी, अनलिमिटेडचा बोनस खिशात पडल्यावर, सिटी बँकेचं कॉस्टको एनीव्हेअर बिझनेस कार्ड जोडीला घ्या. त्याला वेलकम बोनस नाही, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही. पण कॉस्टकोत २ टक्के आणि गॅसवर निदान ४ टक्के (वर्षाला ७,००० डॉलरपर्यंत) मिळतात, आणि कॉस्टकोची मेंबरशिप असेल तर वेगळी फी नाही. कॉस्टको आणि गॅस त्यावर, बाकी सगळं अनलिमिटेडवर, असं केलं तर तुमच्याच आकड्यांवर वर्षाला ७४० डॉलर होतात, ५८१ च्या जागी. एक अडचण: सिटी हे पैसे वर्षातून एकदाच सर्टिफिकेटने देतं आणि ते कॉस्टकोतच वटवावं लागतं. तुम्ही तिथे दर आठवड्याला जाताच.

आणि समजा हे सगळं वाचूनही प्रिफर्डच घेतलंत, तर वर्ष पूर्ण झाल्यावर चेसला फोन करून ते अनलिमिटेडमध्ये बदलून मागा. कार्ड बंद करायची गरज नसते आणि पुढची ९५ ची फी वाचते. मात्र एअरलाइनकडे पॉइंट वळवायचे असतील तर ते बदलाआधी वळवा. नुसत्या अनलिमिटेडवरून ते वळत नाहीत.