ड्रमवाल्याचा डावा पाय

प्रश्न : काका, मागल्या महिन्यात चोर्ला घाट उतरून गोव्याला जाझ ऐकायला गेलो होतो. ड्रमवाला डोळे मिटून तोंड वेडंवाकडं करायचा, मध्येच पुटपुटायचा. मी सात वर्षं तबला शिकतोय. आमचे गुरुजी समोर आरसा ठेवून रियाज करून घेतात, तोंड हललं की थांबवतात. मग हे वाजवणं म्हणायचं की नखरे? आणि सम कुठं होती? मला एकदाही सापडली नाही. — एक वाचक, खानापूर

उत्तर : नखरे कशाला म्हणतात ते मला विचारा. तरुणपणी मी लग्नाच्या बँडमध्ये साइड ड्रम बडवायचो. शहापुरातल्या एका वरातीत ऐटीत काठी वर फेकली, ती घोड्याच्या पायांत जाऊन पडली. उरलेली वरात एका काठीवर काढली.

तुमच्या ड्रमवाल्याचं पुटपुटणं म्हणजे पढंत, तोंडानं बोल म्हणणं, समजा की! तोंडाकडं बघायचं सोडा, त्याचा डावा पाय बघा. हाय-हॅटच्या दोन झांजा तो बहुतेक वेळा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मिटतो. उजवा हात राइडच्या मोठ्या झांजेवर लय चालवतो. भजनातल्या टाळकऱ्याचं काम हे दोघं करतात, म्हणून डाव्या हाताला स्नेअरवर, म्हणजे पुढ्यातल्या छोट्या ड्रमवर, मोकळं बोलता येतं.

समेचं म्हणाल तर गाण्याचा साचा फिरत राहतो, पुष्कळदा 32 बारांचा. चार मात्रांचा बार धरला तर 128 मात्रांचं आवर्तन झालं. त्याची पहिली मात्रा ती सम. खरं तिथं तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, दणका द्यायलाच पाहिजे असं काही नाही, बरेचजण बोल समेवरून पुढं ओढून नेतात. तुम्ही दणक्याची वाट बघत बसला असणार. मूळ चाल मनात गुणगुणत ऐका, सापडेल.

आणि चेहऱ्यावरच्या भावांचं काय हो? आपल्या बेळगावात 1925 साली जन्मलेल्या शोभा गुर्टू ठुमरीत चेहऱ्यानं, हातानं अभिनय करायच्या, त्याला कुणी नखरे म्हटलं नाही. त्यांचाच मुलगा त्रिलोक गुर्टू जाझवाल्यांबरोबर जगभर वाजवतो. वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवतो, तसा तिचा सूर खाली घसरत जातो. गुरुजींना ते जरूर दाखवा. आरसा मात्र राहू दे, तबल्याची बैठक निराळी.

पुढच्या खेपेला मंचाकडं तोंड करून उजव्या बाजूची खुर्ची धरा. हाय-हॅट ड्रमवाल्याच्या डावीकडं असतो, तिथून पाय नीट दिसतो.