वाचकांचे प्रश्न : बोल्ट रायफलीची ओढ

प्रश्न : आमच्या घरात आजोबांच्या काळातली, माऊझर पद्धतीच्या बोल्टची (नळी मागून बंद करणाऱ्या, हाताने मागेपुढे सरकवायच्या दांड्याची) शिकारी रायफल आहे. आता ती माझ्या पंचाहत्तरीतल्या वडिलांच्या परवान्यावर आहे. शिकार केव्हाच बंद झाली आणि स्वयंचलित बंदुकाही आल्या, तरी जाणकार मंडळी तिच्यावरून हात फिरवल्याशिवाय जात नाहीत. हे निव्वळ जुन्या वस्तूंचे प्रेम आहे का? आणि ती माझ्या नावावर होईल का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : जुन्याचे प्रेम एवढ्यावर या ओढीची बोळवण करता येणार नाही, तिचे मूळ रायफलीच्या घडणीत आहे. जर्मन बंदूककार पाऊल माऊझर यांची १८९८ सालची रचना आजही प्रमाण मानली जाते, याचे मुख्य कारण म्हणजे बोल्टच्या उजव्या अंगाला बसवलेली पोलादाची लांब आकडी. काडतूस मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसांच्या कप्प्यातून, वर येताच ही आकडी त्याच्या बुडाची कड पकडते आणि गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी बाहेर पडेपर्यंत ती पकड सोडत नाही, त्यामुळे रायफल तिरपी असो वा उलटी, काडतूस मध्येच निसटत नाही. समोरून जनावर चालून येत असताना या खात्रीचे मोल काय असेल, हे वेगळे सांगायला नको. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली पॉइंट २७५ रिग्बी रायफल याच माऊझर बोल्टची होती.

अमेरिकेत १९३६ साली आलेल्या विंचेस्टर कंपनीच्या मॉडेल ७० रायफलीमध्येही अशीच आकडी होती. १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी कंपनीने ती काढली, तेव्हा शिकाऱ्यांनी नव्या रायफलीकडे पाठ फिरवून चौसष्टपूर्वीच्या रायफली शोधून शोधून घेतल्या, आणि अखेर कंपनीला ती आकडी परत आणावी लागली. याहून बोलका पुरावा मला तरी ठाऊक नाही.

दुसरे असे की, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने उचलून मागे ओढावा लागत असल्याने नेमबाज पहिल्याच गोळीचा नीट विचार करतो. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. परंतु परवान्यावर रायफल बाळगण्याची वाट त्यामुळे बंद होत नाही. परवानाधारकाने सत्तरी ओलांडली असेल, तर त्याच्या हयातीतही वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. आपण शहर हद्दीत राहत असल्याने अर्ज पोलीस आयुक्तालयात करावा. ग्रामीण भागासाठी तो जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. परवाना हाती येईपर्यंत रायफल वडिलांच्याच ताब्यात राहू द्यावी.

एक आग्रहाची विनंती आहे. रायफल चामड्याच्या म्यानात ठेवलेली असल्यास वडिलांकरवी ती आजच बाहेर काढून घ्या, कारण पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि नळीला गंज चढतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करून तेलाचा हलका हात फिरवावा आणि ती कोरड्या, कुलूपबंद कपाटात ठेवावी.