वाचकांचे प्रश्न : डोंगरातलं तळं आणि तुमची होडी

उंचावरच्या तळ्यांवर होडी नेणाऱ्यांची बरीच पत्रं साठली होती. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : सपाटीवरच्या जलाशयात आमची २० हॉर्सपॉवरची आउटबोर्ड होडी झकास पळते. २४०० मीटर उंचीवरच्या तळ्यात मात्र ती नाक वर काढून नुसती पाणी ढकलत राहिली. मोटर उघडून बघायला हवी का?

नको. मोटर ठीक आहे, तिला हवा कमी पडते आहे. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर ३०० मीटर उंचीला साधारण ३ टक्क्यांनी घटते. २४०० मीटरवर पाव ताकद गेली, म्हणजे २० मधले १५ हॉर्सपॉवर उरले. तेवढ्यात भरलेली होडी पाण्यावर चढून सपाट धावत नाही.

पहिला उपाय फुकटचा आहे : ओझं कमी करा आणि उरलेलं होडीच्या मध्याकडे सरकवा. दुसरा उपाय प्रोपेलरचा. पूर्ण थ्रॉटलला मोटर मिनिटाला किती फेरे घेते ते मोजा. माहितीपुस्तिकेत दिलेल्या किमान फेऱ्यांपर्यंतही ती पोचत नसेल, तर कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात पाण्यातून कमी पुढे सरकणारा, प्रोपेलर लावा. पिच एका इंचाने कमी केली की फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. कार्ब्युरेटरच्या मोटरमध्ये आणखी एक अडचण येते. हवा विरळ आणि पेट्रोल तेवढंच, त्यामुळे धूर होतो आणि प्लग काळे पडतात. तिथे लहान जेट (पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा भाग) बसवावा लागतो. खाली परतल्यावर मात्र जुना जेट आठवणीने पुन्हा लावा. लहान जेटवर खालच्या दाट हवेत मोटर पळवली तर पेट्रोल कमी पडून पिस्टन जळू शकतो. कमी पिचचा प्रोपेलरही खाली तसाच ठेवला तर फेरे मर्यादेबाहेर जातात. इंजेक्शनच्या मोटरी मिश्रण स्वतः जुळवतात, पण गेलेली ताकद त्यांनाही परत आणता येत नाही.

प्रश्न : ट्रेलरच्या बेअरिंगना वेळच्या वेळी ग्रीस भरतो, तरी डोंगरातल्या फेऱ्यांनंतर ती खराब होतात. असं का?

लांबच्या रस्त्याने, त्यातही उतारावर ब्रेक लावत आल्यामुळे हब, म्हणजे बेअरिंग बसतात ते चाकांचे मधले भाग, तापलेले असतात. ते तसेच थंडगार पाण्यात बुडवले की आतली हवा आकसते आणि मागच्या सीलमधून पाणी आत ओढून घेते. टोपी काढल्यावर ग्रीस दुधाळ दिसलं, तर हेच झालंय असं समजा. असं ग्रीस काढून टाकून बेअरिंग धुवा आणि सीलसुद्धा बदला. वरून नवीन ग्रीस दाबून भागत नाही.

हबवर तळहात सहज टेकवता येईल इतकं ते थंड होऊ द्या. तोवर होडी पाण्यात सोडायच्या उतरणीपासून बाजूला उभं राहून बाकीची तयारी उरकते. सामान होडीत चढवा, तळाचं बूच घट्ट लावा (हे विसरणारे दर हंगामात असतात), मागचे पट्टे सोडा, दोर बांधून घ्या, ट्रेलरच्या दिव्यांची वायर गाडीपासून सोडवा. विंचचा (होडी ओढून घेणाऱ्या चरखीचा) पट्टा आणि नाकाची साखळी मात्र होडी पाण्यात टेकेपर्यंत सोडायची नाही. रोलरच्या ट्रेलरवरून होडी ऐन उतरणीवर सुटून काँक्रीटवर आपटते ती याच घाईमुळे.

धरणामुळे झालेलं तळं असेल तर हंगामाच्या शेवटी पाणी खूप उतरतं आणि उतरणीची कड पाण्याखाली अगदी थोड्या खोलीवर येते. चाक त्या कडेवरून पलीकडे पडलं की ॲक्सल अडकतो आणि गाडीने ओढूनही निघत नाही. आधी काठीने चाचपून कड शोधा. मोटरच्या जोरावर होडी ट्रेलरवर चढवणाऱ्यांमुळे नेमका तिथलाच तळ उकरला जाऊन खड्डा पडतो. विंचने ओढायला दोन मिनिटं जास्त लागतात, तेवढी द्यावीत.

प्रश्न : सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी एवढं खवळतं की कायक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) परत आणणं मुश्कील होतं. हवामानाच्या अंदाजात तर वारा नसतो.

अंदाज बहुधा मोठ्या प्रदेशाचा असतो आणि हा वारा त्या दरीपुरताच. ऊन चढलं की डोंगरउतार तापतात, हवा वर सरकते आणि दरीतून वरच्या दिशेला वारा सुरू होतो. दुपारी त्याचा जोर सर्वाधिक असतो, संध्याकाळी पडतो आणि रात्री उलटा, खालच्या दिशेला वाहतो. अरुंद, लांब तळं असेल तर वाऱ्याला पाण्यावर सलग धाव मिळते आणि लाटा दूरच्या टोकाला सर्वांत उंच होतात.

म्हणून पहाटे निघा, दुपारच्या आत काठाला लागा. दिवसभर थांबायचंच असेल तर निघताना दरीच्या खालच्या अंगाला जा, म्हणजे परतीला वारा पाठीशी राहील. अनेकजण नेमकं उलटं करतात : वाऱ्याबरोबर मजेत लांब जातात आणि दमल्यावर त्याच्याविरुद्ध वल्हवतात. काठाजवळून जाणारी वाट लांबची वाटली तरी तीच धरा. विजेच्या बाबतीत हिशोब सोपा आहे. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंद किंवा कमी अंतर पडलं तर वीज दहाएक किलोमीटरच्या आत आहे. पाण्याबाहेर या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जाऊ नका.

प्रश्न : घरातले सगळे पट्टीचे पोहणारे आहेत. लाइफ जॅकेट होडीत ठेवलेलं पुरेसं नाही का?

नाही. थंड पाण्यात पोहण्याचं कौशल्य फार उशिरा उपयोगी पडतं. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडल्यावर पहिला मिनिटभर श्वास आवरत नाही. माणूस मोठ्याने धापा टाकतो आणि त्याच वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, मग बोटांना दोर धरवत नाही. शरीर धोकादायक थंड व्हायला बहुधा अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो, पण जॅकेट नसलेले बरेचजण तिथपर्यंत पोचतच नाहीत. पडलेल्या माणसाला पाण्यात जॅकेट चढवता येत नाही, हे उथळ पाण्यात एकदा करून बघा.

काठाशी हात घालून पाण्याचा अंदाज घेऊ नका. उन्हाळ्यात कोमट थर वरवरचाच असतो. जोरदार वारा तो समोरच्या काठाकडे ढकलतो आणि अलीकडे खालचं गार पाणी वर येतं, तेही काही तासांत.

जॅकेटची तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये मोजतात. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला फक्त आधार देतं. बेशुद्ध माणसाचं तोंड ते वर करत नाही. जाड कपडे घालत असाल तर १५० न्यूटनचं घ्या. फुगणारं जॅकेट असेल तर ते फुगवणारी गॅसची छोटी टाकी हाताने घट्ट आवळलेली आहे ना, हे दरवेळी तपासा. होडी उलटली तर तिलाच धरून राहा. काठ दिसतो त्याहून दूर असतो.

प्रश्न : हवेची कायक काठावर टणक भरली, पाण्यात घातल्यावर मऊ पडली. कुठे गळत असेल?

बहुधा कुठेच नाही. ३५ अंशांच्या उन्हात ०.२ बारला भरलेली कायक १० अंशांच्या पाण्यात गेली की आतला दाब एक तृतीयांश ते निम्म्याने उतरतो. ती पाण्यावर ठेवा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा भरा. बाहेर काढल्यावर मात्र लगेच थोडी हवा सोडा, नाहीतर उन्हात शिवणी उसवतात. घाटाखाली भरून गाडीवर बांधून वर नेऊ नका. ३००० मीटरवर बाहेरचा दाब सुमारे ०.३ बारने कमी असतो, तेवढा ताण शिवणींवर वाढतो. पाण्यावर पुन्हा भरूनही मऊच पडत असेल, तर झडपेभोवती साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

प्रश्न : माझी होडी स्वच्छ असतानाही तळ्यावरच्या तपासणीत परत पाठवली. हा कसला नियम?

डोळ्यांना स्वच्छ दिसणं इथे पुरत नाही. ही तपासणी एका तळ्यातले उपद्रवी जीव होडीवाटे दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून असते. झेब्रा आणि क्वागा या शिंपल्यांची पिल्लं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असतात आणि तळात साचलेल्या पेलाभर पाण्यातूनही प्रवास करतात. २००७ साली क्वागा शिंपले अमेरिकेतल्या लेक मीडमध्ये सापडले. तिथे ते होडीवाटेच आले असावेत, असं मानतात. एकदा वसले की ते पाण्याचे पाइप गच्च भरून टाकतात आणि मोठ्या तळ्यातून त्यांना हटवण्याचा उपाय नाही.

तळ्यातून निघतानाच बूच काढा, मासे ठेवायची टाकी आणि मोटरमधलं पाणी सोडा, ट्रेलरवरची पाणवनस्पती हाताने काढा. घरी सगळं पूर्ण वाळू द्या. दोर, जॅकेट आणि गालिचा शेवटपर्यंत ओलसर राहतात, तेच बहुतेक तपासणीत अडकतात. वाळवायला दिवस नसतील तर ६० अंशांच्या पाण्याने पृष्ठभाग धुवा.

प्रश्न : व्हीलचेअर वापरणाऱ्या भावाला कायकमध्ये बसवायचं आहे. धक्का निवडताना काय बघावं?

आधी पाण्याची पातळी. काठ ते तरंगता धक्का जोडणारा पूल ६ मीटरचा असेल आणि धक्का काठापेक्षा अर्धा मीटर खाली असेल, तर उतार १:१२ होतो. तो खुर्चीला ठीक आहे. पाणी आणखी एक मीटर उतरलं की तोच उतार १:४ होतो आणि खुर्ची आवरत नाही. भेटीच्या आठवड्यातली पातळी विचारून मगच ठरवा.

धक्क्यावर खुर्चीच्या उंचीचा, म्हणजे ४५ ते ५० सेंटीमीटरचा बाक आणि त्याखाली पायऱ्यांसारखे टप्पे असले, तर भाऊ स्वतः टप्प्याटप्प्याने उतरू शकेल. कायक दोघांनी धक्क्याला दाबून धरायची, नुसती दोराने बांधून चालत नाही. पायांना संवेदना नसतील तर टाचा आणि नितंबांखाली जाड फोम घाला आणि त्वचा दर तासाला तपासा. थंडी आणि घासणं त्याला जाणवणार नाही. कायकच्या आसनाला पट्ट्याने कधीही बांधू नका. कंबरेला आधार हवा असेल तर उंच पाठ लावा, पट्टा नको.

प्रश्न : तळ्याचं पाणी नितळ असतं, तसंच प्यावं का?

नाही. वरच्या अंगाला जनावरं असतातच. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट, २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं उकळा.