डोक्याचा आजार, मग किडनीचा फोटो कशाला?

ताई, मी यावल तालुक्यातली. माझी आठ वर्षांची मुलगी रडली की तिचा डावा हात लुळा पडायचा, दहा-पंधरा मिनिटांत परत चांगला. शाळेत म्हणाले नाटक करते, सासूबाई म्हणाल्या बाहेरचं आहे. एमआरआयनंतर मुंबईच्या डॉक्टरांनी ‘मोयामोया’ सांगितलं, ऑपरेशन करायचं म्हणतात. तिचं बीपीही वाढलेलं निघालं, म्हणून किडनीच्या नसांचा फोटो काढायला सांगितलाय. आमचे हे म्हणतात, डोक्याचा आजार अन् पोटाचा फोटो, पैसे काढायचे धंदे. केळी निघाली की बघू. मी तिला फार रागवायचे. त्यानेच झालं का हे?
— एक आई

तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. नाही, तुमच्या रागावण्याने हा आजार झालेला नाही. मोयामोयात मानेतून वर जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या कवटीच्या आत पोचल्यावर आतून जाड होत जातात, वाट अरुंद होते, आणि मेंदू तळाशी बारीक नसांचं जाळं वाढवून कसंबसं निभावतो. मूल रडताना भराभर श्वास घेतं, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, नसा आकसतात. आधीच तुटपुंजं रक्त आणखी कमी पडतं आणि हात गळतो. फुगा फुगवताना, जत्रेतली पिपाणी वाजवताना, तिखट रश्श्यावर हाश-हुश करतानाही हेच होऊ शकतं. तेव्हा झणझणीत शेवभाजी तिच्या ताटात नको, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिला पाणी कमी पडू देऊ नका. शाळेत डॉक्टरांचं पत्र द्या. नाटक म्हणणाऱ्यांना ते वाचू दे.

आता किडनी. तुमच्या ह्यांना पडलेला प्रश्न कोणालाही पडेल, पण संशय चुकीचा आहे. नसांचं हे जाड होणं काही रुग्णांत मेंदूपुरतं राहत नाही. शंभरातल्या साधारण पाच ते आठ जणांत किडनीकडे जाणारी रक्तवाहिनीही अरुंद सापडते. किडनीला रक्त कमी पोचलं की तिला वाटतं, अंगातलं बीपीच पडलंय. ती रेनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते आणि बीपी चढवते. आठ वर्षांच्या पोरीचं बीपी वाढतं तेव्हा कारण शोधायलाच हवं.

मग सरळ बीपीची गोळी का देत नाहीत? कारण अरुंद नसांतून मेंदूपर्यंत रक्त ढकलायला हाच दाब लागतो. तो एकदम खाली आणला तर मेंदूचं रक्त तुटून झटका (स्ट्रोक) येऊ शकतो. शिवाय दोन्ही किडन्यांच्या नसा अरुंद असतील तर बीपीच्या काही नेहमीच्या गोळ्या किडनीलाच त्रास देतात. म्हणून गावातल्या दुकानातून गोळी आणू नका, शेजारणीच्या सासऱ्यांची तर नकोच. मेंदूचे आणि किडनीचे डॉक्टर एकमेकांशी बोलूनच औषध ठरवू देत. भूल देणाऱ्यांनाही ही माहिती लागते, म्हणून हा फोटो ऑपरेशनच्या आधी काढायचा. सुरुवात डॉपलर सोनोग्राफीने, म्हणजे नसांतलं वाहतं रक्त दाखवणाऱ्या सोनोग्राफीने, करता येईल का, हे विचारा. तिला सुईही लागत नाही.

ऑपरेशन केळीवर ठेवू नका. अरुंद झालेली नस उघडणारं औषध नाही. अ‍ॅस्पिरिन गुठळी होण्याचा धोका कमी करतं, आजार थांबवत नाही. ऑपरेशनमध्ये डोक्याच्या कातडीतली नस मेंदूच्या नसेला जोडतात किंवा मेंदूवर ठेवतात. मुलांमध्ये दुसरा प्रकार बरेचदा करतात, आणि तिथून नव्या नसा फुटायला काही महिने लागतात. जितका उशीर, तितका झटक्याचा धोका. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड घेऊन विचारा.

सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली नसेल तर तीही विचारा. सातपुड्याकडच्या आदिवासी पाड्यांत तो आजार बराच आहे. त्यातही मेंदूच्या नसा अशाच अरुंद होऊ शकतात, पण उपचार वेगळा होतो.

सासूबाईंशी भांडू नका. दृष्ट काढायची तर मीठ-मोहरीने काढू द्या, मिरच्या मात्र जाळू नका, ठसक्याने तिचा श्वास चढेल. ह्यांना पुढच्या वेळी सोबत न्या आणि पडद्यावर फोटो दाखवायला डॉक्टरांना सांगा. तुम्ही घरी दहादा समजावण्यापेक्षा ते लवकर पटेल.

आणि हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोबडी वळली, तर आता दहा मिनिटं वाट बघायची नाही. तिला आडवं झोपवा, घड्याळ बघून वेळ लिहा आणि १०८ ला फोन लावा.